गोड्या पाण्याचं झाकण

त्या घरात हवेचा विषय कोणी काढत नसे. बाहेर कितीही उकडलं तरी आई "पंखा लाव" एवढंच म्हणायची. फार उकडतंय, आता पाऊस येणार, हे पुढचं वाक्य तिच्या तोंडून कधी निघायचं नाही. टीव्हीवरच्या बातम्या संपत आल्या आणि नकाशा दिसायला लागला की ती उठून स्वयंपाकघरात जायची आणि घासायला भांडी नसली तरी तिथे भांड्यांचा आवाज व्हायचा. गंमत म्हणजे त्याच घरातली धाकटी मुलगी उभा जन्म वादळांवर पगार घेत होती.

धाकटीला आता धाकटी म्हणणारी आईच तेवढी उरली होती. केस पांढरे झाले होते, निवृत्ती दारात आली होती, लग्न करायचं राहून गेलं होतं. बंदराच्या गावापासून आत, उंचावरच्या वस्तीत चौथ्या मजल्यावर दोघी मायलेकी राहायच्या. घर घेताना आईची अट एकच होती. पाणी दिसायला नको.

"तुझं काम तरी नक्की काय गं?" असं आईने फार वर्षांपूर्वी एकदा विचारलं होतं.

"समुद्र कसा घुसळला जातो ते आकड्यांत मांडायचं."

"म्हणजे पाण्यात पाणी ओतायचं आणि वर त्याचे पैसे घ्यायचे," आई म्हणाली होती, आणि विषय तिथेच मिटला होता.

धाकटीच्या कार्यालयात एकाच मजल्यावर समोरासमोर दोन खोल्या होत्या. एक हवेची, एक पाण्याची. मध्ये चहाचं यंत्र. हवेच्या खोलीत बसणारे वादळ उभं करायचे, अर्थात संगणकात. पाण्याच्या खोलीत धाकटी आणि तिचे दोन सहकारी त्या वादळाखालचा समुद्र उभा करायचे. पूर्वी या दोन खोल्यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. हवावाल्यांच्या लेखी समुद्र म्हणजे फरशी. तिचं तापमान एकदा लिहून टाकलं की काम झालं. वादळाने वर कितीही थयथयाट करो, फरशी काही गार होत नसे. खरा समुद्र असा नसतो. वादळ त्याची ऊब पिऊन वाढतं, पण वाढता वाढता त्याला इतकं घुसळून काढतं की तळचं थंड पाणी वर येतं आणि मग वादळाच्याच पोटाला चिमटा बसतो. ज्याच्या जिवावर माजायचं त्यालाच गार करून सोडायचं, असा तो सगळा खेळ. हवा आणि पाणी एकत्र चालवल्याशिवाय तो कळत नाही, हे धाकटी आणि तिच्या पिढीच्या माणसांनी घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं, तेव्हा कुठे दोन्ही खोल्यांची सोयरीक जमली.

सोयरीक जमली तरी थेट बोलाचाली नव्हतीच. दोन्हींच्या मध्ये एक तिसरा प्रोग्रॅम बसवला होता, त्याला सगळे मध्यस्थ म्हणायचे. हवा त्याला सांगे, मी एवढ्या जोराने ढकलते आहे. तो ते पाण्याला सांगे. पाणी म्हणे, मग मी एवढं गार झालं. तो ते हवेला सांगे. असं वादळ संपेपर्यंत.

"अगदी आमच्या घरासारखं," समोरच्या खोलीतला वारेवाला म्हणायचा. त्याला सगळे वारेवालाच म्हणत आणि धाकटीला पाणीवाली. "मी बायकोला सांगतो, बायको सासूबाईंना सांगते, आणि तिकडून उत्तर येईपर्यंत मी काय विचारलं होतं तेच मला आठवत नाही."

"तुम्ही विचारता तरी. आमच्याकडे तेही नाही," धाकटी म्हणायची, आणि वारेवाला चहात बघत राहायचा. त्याला माहीत होतं.

तर त्या वर्षी नवी प्रमुख आली. हुशार मुलगी, बोलायला गोड, कामाला वाघीण. तिने सांगितलं की हवा-पाणी जोडलेलं हे यंत्र आता खऱ्या कामाला लावायच्या आधी जुन्या वादळांवर चालवून पाहायचं. ज्यांचं पुढे काय झालं ते जगाला ठाऊक आहे, अशी वादळं निवडायची, पण यंत्राला शेवट सांगायचा नाही. बघू या त्याला कळतं का. तिने फळ्यावर वादळं लिहायला घेतली आणि खालच्या ओळीत ते वादळ लिहिलं.

"हे तर घ्यायलाच हवं," ती म्हणाली. "किनाऱ्याला लागता लागता मरणार म्हणून सांगितलं होतं आणि दुप्पट होऊन आलं. अंदाज असा सपशेल चुकलेला दुसरा दाखला नाही. कोण होतं तेव्हा ड्यूटीवर, देव जाणे."

वारेवाल्याचा चमचा कपात थांबला.

"माझा भाऊ," धाकटी म्हणाली.

नव्या प्रमुखाच्या हातातला खडू खाली आला. "मला माहीत नव्हतं, ताई. हे आपण काढून टाकू."

"नको," धाकटी म्हणाली. "राहू दे. मी त्याच्यासाठीच इथे आले होते."

हे तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, पण खरं होतं. ते वादळ आलं तेव्हा ती दूरच्या गावी वसतिगृहात राहून शिकत होती. दादा बंदराच्या हवामान कार्यालयात नुकता लागलेला. बाबा बंदरावर क्रेन चालवायचे. मुलगा हवामानखात्यात लागल्यापासून त्यांना चेष्टेला नवा विषय मिळाला होता. सकाळी निघताना विचारायचे, "काय हो साहेब, छत्री घेऊ का?" दादा म्हणायचा, "नको, ऊन आहे." मग बाबा मुद्दाम सगळ्यांना दिसेल अशी छत्री काखेत मारून निघायचे. आईला मात्र ती चेष्टा खपायची नाही. लेकाचा आवाज रेडिओवर यायचा, आणि तो आला की आई खिडकीतला रेडिओ मोठा करायची, गल्लीला ऐकू जावा म्हणून.

त्या मोसमात आधी एक वादळ त्याच वाटेने येऊन गेलं होतं. वादळ जातं तेव्हा मागे गार पाण्याचा पट्टा ठेवून जातं, आणि पाठोपाठ आलेलं दुसरं वादळ त्या पट्ट्यावर आलं की थंडावतं. कार्यालयाचा हा जुना नियम होता आणि बहुतेक वेळा तो खरा ठरायचा. फरशीच्या समुद्रावर चालणारं तेव्हाचं यंत्र म्हणत होतं, वादळ मोठं येणार. पण फरशीला काय कळतंय, म्हणून वरिष्ठांनी नियमाप्रमाणे जोर कमी केला आणि दादाने रेडिओवर वाचलं. वादळ किनाऱ्याजवळ क्षीण होईल, सखल भागातल्या लोकांनी घाबरून घरं सोडू नयेत.

लोकांनी सोडली नाहीत. वादळ आलं ते समुद्रच घेऊन आलं. गल्लीतली चार-पाच माणसं गेली, त्यात बाबा. पलीकडच्या घरातल्या शिवणवाल्या काकू पायाने अधू होत्या; त्यांना उचलून पाण्याच्या टाकीच्या टेकडीकडे नेताना दोघंही वाटेतच वाहून गेली. आई गच्चीवर होती, ती वाचली.

दादा धावत आला तेव्हा आईने त्याच्याकडे पाहिलं नाही. तेव्हा नाही आणि त्यानंतरही नाही. तो समोर आला की ती उठून जायची. तो बोलला की ती भिंतीकडे बघायची. कोणी काही म्हणालं नाही, पण सगळ्यांना कळलं. मुलाच्या शब्दावर नवरा गेला, बाई कुठून माफ करणार. दादाने नोकरी सोडली, गाव सोडलं, दूरच्या शहरात चष्म्याच्या दुकानात लागला आणि पुढे ते दुकान त्याचंच झालं. धाकटीला तो अधूनमधून फोन करायचा. "घरी बरं ना?" असं विचारायचा. आई कशी आहे, असं कधीच नाही.

धाकटीच्या मनात तेव्हापासून एकच होतं. दादाला कळणं शक्य होतं की नव्हतं? शक्य नव्हतं असं एकदा पुराव्यानिशी आईसमोर ठेवता आलं, तर आई त्याला घरात घेईल. सगळा समुद्र ती यासाठी शिकली होती.

वादळ पहिल्यांदा चालवलं ते फरशीवर. मोठं झालं. मग खऱ्या, घुसळल्या जाणाऱ्या पाण्यावर चालवलं. हवेने ढकललं, पाणी ढवळलं, खालचं थंड वर आलं, मध्यस्थाने निमूटपणे निरोप पोचवले आणि वादळ किनाऱ्याजवळ येता येता विरघळलं. अगदी दादाने वाचलं होतं तसं.

नव्या प्रमुखाने सुस्कारा टाकला. "म्हणजे आपलं यंत्रही चुकलं."

"नियम चुकला नव्हता," वारेवाला हळूच म्हणाला. "तुमच्या दादाने अगदी बरोबर वाचलं होतं. वादळच चुकलं."

धाकटी हसली नाही. तिच्या डोक्यात नदी होती. पहिल्या वादळाने डोंगरात पाऊस ओतला होता आणि नदीला पूर आला होता. ते गोडं पाणी समुद्रात कुठे गेलं? गोडं पाणी हलकं. खाऱ्या पाण्यावर ते झाकणासारखं पसरून राहतं, चटकन मिसळत नाही. वरच्या धरणातून तेव्हा किती पाणी सोडलं होतं ते आकडे तिने मिळवले, त्यावरून झाकण किती जाड असेल याचा अदमास घेतला आणि ते समुद्रावर ठेवून वादळ पुन्हा सोडलं.

हवेने ढकललं. पाणी ढवळलं, पण वरच्यावर. सगळा जोर ते झाकण फोडण्यात गेला. थंड पाणी खाली होतं ते खालीच राहिलं. वरचा पातळ थर उन्हाने तापलेला, तो तसाच ऊब देत राहिला. वादळ थंड पट्ट्यावर आलं आणि थंडावलं नाही. फुगत गेलं. पडद्यावर त्याचा डोळा स्वच्छ, गोल, उघडा होता, आणि तो धाकटीच्या गल्लीच्या दिशेने सरकत होता. त्या गल्लीत आत्ता या घटकेला बाबा आहेत, असं तिला वाटलं. ती खुर्चीतून उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

"ताई, आलं," मागून वारेवाला म्हणाला. "हुबेहूब आलं."

"तेव्हा समुद्रातलं मीठ कोणी मोजत होतं का?" नव्या प्रमुखाने विचारलं.

"नाही," धाकटी म्हणाली. "कोणीच नाही. जगात कोणालाही कळणं शक्य नव्हतं."

तिचा आवाज आनंदाचा होता. वारेवाल्याने तिच्या हातात चहाचा कप दिला आणि म्हणाला, "आता घरी जा. आधी आईंना सांगा."

ती घरी पोचली तेव्हा दुपार होती. आई जुनी चादर फाडून फडकी करत बसली होती. दातांनी कोपरा सोडवायचा, दोन्ही हातांनी ओढायचं, चर्र. वय झालं तरी हातात जोर होता.

"लवकर आलीस. बरं नाही का?"

"बरं आहे. आई, एक सांगायचंय. हवेचं आहे."

आईने पुढची पट्टी फाडली. "सांग."

धाकटीने सांगितलं. नदी, पूर, झाकण, मीठ. आई मध्येच म्हणाली, "मला शिकवू नकोस, सरळ काय ते सांग." तेव्हा धाकटीने सरळ सांगितलं. "दादाची चूक नव्हती. कोणाचीच नव्हती. जगातल्या कोणालाही कळणं शक्य नव्हतं, आई. आम्ही यंत्रावर सिद्ध केलं."

आईने फडकं मांडीवर ठेवून त्याच्या चार घड्या केल्या. मग पाचवी घालायला गेली, ती बसेना.

"त्याला कळलं होतं," आई म्हणाली.

"काय?"

"त्याने फोन केला होता. दुपारचा. तेव्हा तर ऊनही होतं. म्हणाला, आई, बुलेटिन गेलंय पण मला बरं वाटत नाही. त्या थंड पाण्यावर येऊनही त्याचा डोळा मिटत नाहीये, म्हणाला. कसला डोळा ते मला कळलं नाही. साहेब म्हणतात पुढच्या बुलेटिनपर्यंत थांब, मला बदलता येत नाही. तू बाबांना घेऊन टाकीच्या टेकडीवर जा. गल्लीत जमेल तसं सांग. काकूंना आधी न्या."

धाकटी उभी होती ती खाली बसली.

"मग?"

"मग काय. मी फोन ठेवला. दोरीवरचे कपडे काढले."

"बाबांना?"

"नाही सांगितलं."

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. दोघी ते ऐकत बसल्या.

"का नाही सांगितलंस, आई?"

"सकाळी सगळ्या गल्लीला रेडिओ ऐकवला होता मी," आई म्हणाली. "दाराशी उभी राहून. माझा मुलगा सांगतोय काही होत नाही, कुठे निघालात बोचकी घेऊन? दोन बिऱ्हाडं निघाली होती, ती माझ्या शब्दावर परत फिरली. आणि दुपारी मीच बोचकं घेऊन निघायचं? त्याच्या आईचाच त्याच्यावर विश्वास नाही म्हणून लोक हसले असते. नवी नोकरी होती त्याची. त्याची काय पत राहिली असती? म्हटलं, काळजीखोर आहे, लहानपणापासून आहे. संध्याकाळपर्यंत बघू. तुझे बाबा पाळीवरून येऊन झोपले होते, त्यांना झोपू दिलं. पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा उठले. बाहेर बघितलं, म्हणाले, काकूंना जिना चढवत नाही, आलोच. आणि गेले."

"आणि दादाशी तू..."

"त्याला माहीत होतं ना, त्याने फोन केला होता ते." आईने घडी घातलेलं फडकं पुन्हा उलगडलं. "मी कुठल्या तोंडाने त्याच्याकडे बघणार? आज सांगू, उद्या सांगू. तो विचारेल म्हणून वाट बघितली. त्याने विचारलं नाही. मग तो गेलाच."

धाकटीला वाटलं, आपण ओरडावं. पण समोर बसलेली बाई इतकी लहान झाली होती की ओरडायला जागाच नव्हती. तिने पर्समधून फोन काढला.

"नको," आई म्हणाली. "तू त्याला तुझं यंत्राचं सांग. तो सुटला म्हणून सांग. माझं नको सांगूस."

धाकटीने फोन लावून स्पीकर चालू केला आणि दोघींच्या मध्ये चादरीच्या ढिगावर ठेवला. पलीकडे दुकानाचा आवाज होता.

"बोल गं," दादा म्हणाला. "घरी बरं ना?"

"बरं आहे. दादा, आम्ही ते वादळ चालवून पाहिलं." आणि तिने सांगितलं. आईला सांगितलं होतं त्यापेक्षा थोडक्यात. झाकण म्हटल्यावर त्याला बाकीचं सांगावं लागलं नाही.

"गोडं पाणी," तो म्हणाला. "म्हणून मिटत नव्हता तो. छान काम केलंस. खरंच छान केलंस. पण मला त्याचं काही नव्हतं गं. अंदाज चुकतात. सगळ्यांचेच चुकतात."

"मग कशाचं होतं?"

"फोनचं. मी घरी एक फोन केला होता. आईने तुला सांगितलं नसेल."

आईने हात उचलून तोंडावर ठेवला.

"मी म्हटलं, टेकडीवर जा, काकूंना आधी न्या. आता बघ, मी फोन केला नसता तर बाबा घरात असते. पाणी आल्यावर आईबरोबर गच्चीवर गेले असते. वाचले असते. काकूंना न्या असं मी सांगितलं म्हणून ते रस्त्यावर होते." तो हे अगदी शांतपणे बोलत होता, ग्राहकाला काचेचा दर सांगावा तसं. "बुलेटिन साहेबांचं होतं. फोन माझा होता. आईने मला कधी बोलून दाखवलं नाही, हा तिचा मोठेपणा. पण माझ्याकडे बघवत नव्हतं तिला, ते कळत होतं."

धाकटीने आईकडे पाहिलं. इतक्या वर्षांत असं काही त्याच्या मनात असेल, हे त्या दोघींच्याही स्वप्नात आलं नव्हतं.

"मी सांगितलंच नाही त्यांना," आई म्हणाली.

पलीकडे हातातली काच काउंटरवर ठेवल्याचा आवाज आला.

"कोण?" दादाने विचारलं. त्याला आवाज कळला होता, तरीही विचारलं.

"मी बोलतेय. तुझा फोन आल्याचं मी त्यांना सांगितलंच नाही रे. कोणालाच नाही सांगितलं. ते झोपले होते. पाणी बघून ते आपणहून गेले. तुझ्या फोनचं त्यांना काही माहीत नव्हतं."

"काय म्हणतेस?"

"तू बरोबर सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही. ऐकलं असतं तर आम्ही सगळे कोरड्या पायांनी गेलो असतो. काकूसुद्धा."

"का?"

"तुझी पत जाईल म्हणून."

"माझी पत," दादा म्हणाला. त्याने हसल्यासारखा आवाज केला. मग कोणीतरी त्याला हाक मारली, चष्म्याच्या दांडीबद्दल काही विचारलं. "हो, आलो," तो त्यांना म्हणाला, आणि इकडे, "नंतर करतो फोन."

फोन बंद करायचं मात्र तो विसरला. त्याने तो बहुधा काउंटरवर ठेवला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग त्याचा आवाज थोड्या अंतरावरून, सवयीचा, मऊ. "बसा. हनुवटी इथे टेकवा. वरची ओळ वाचा." कोणीतरी म्हातारा माणूस अक्षरं वाचू लागला. "त्याखालची?" अक्षरं. "त्याखालची?" अक्षरं अडखळली. "आता ही काच लावतो, आता बघा. आता..." आणि पुढचं वाक्य आलं नाही. म्हातारा म्हणाला, "काय झालं हो? पाणी देऊ का?" आई फोनवर वाकून बसली होती, जणू आत उतरायला जिना असता तर उतरली असती. मग पलीकडे कोणाच्या तरी लक्षात आलं आणि फोन बंद झाला.

नंतर करतो म्हणाला होता, तो त्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आईने फोन उशाशी घेतला. न्हाणीघराचं दार ती लोटून घ्यायची, कडी लावायची नाही. बाजूची खोली तिने झाडून घेतली, गादीला नवी चादर घातली, आणि धाकटीने विचारल्यावर म्हणाली, "अशीच. धूळ बसली होती."

फोन आला तो कार्यालयात, पाण्याच्या खोलीत.

"तुला करायचा होता, तिला नव्हता, म्हणून इथे केला," दादा म्हणाला.

"बोल."

"मी रागावलेलो नाही, एवढं तिला सांग. खरंच नाही. मी हिशेब करायला बसलो की मला कशाचा राग यायला हवा, तर तो जमेना. पण येईन असं सांगू नकोस. बाबा माझ्यामुळे गेले असं धरून मी इतकी वर्षं चाललो. लग्न नको म्हटलं, पोरंबाळं नको म्हटलं. म्हटलं, आपण कोणाला काही सांगायच्या लायकीचे नाही. आणि तिच्याजवळ एक वाक्य होतं गं. एकच वाक्य. मी समोर आलो तर ते माझ्या तोंडावर दिसेल तिला. या वयात कशाला दाखवायचं?"

"ती खोली झाडून बसली आहे, दादा."

"नको ना असं सांगूस," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम पूर्वीचा, वसतिगृहात तिला पोचवायला आला होता तेव्हाचा झाला. "नको सांगूस मला."

धाकटीने फोन ठेवला तेव्हा समोरच्या खोलीतून वारेवाला बघत होता. त्याने भुवया उंचावल्या. तिने मान हलवली. तो उठला, चहाच्या यंत्राशी गेला आणि दोन कप घेऊन आला.

संध्याकाळी ती घरी गेली. वाटेत तिने पुष्कळ वाक्यं जुळवली. येईल म्हणाला. बघतो म्हणाला. दुकानाची व्यवस्था लावतो, मग येतो. त्यातलं कुठलंही आईला पुरलं असतं. पण दार उघडून आई समोर उभी राहिली, आणि कमी-जास्त करून निरोप पोचवायला धाकटीची जीभ वळली नाही. या घरात एक निरोप अडून राहिला होता, त्याने केवढं नेलं ते तिने नुकतंच पाहिलं होतं.

"दादाचा फोन आला होता," ती चपला काढता काढता म्हणाली. "रागावलेला नाही, असं सांग म्हणाला. येईन असं सांगू नकोस म्हणाला."

आई भिंतीला धरून उभी होती. "बरं," ती म्हणाली.

ती स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज झाला नाही. थोड्या वेळाने तिथूनच तिने विचारलं, "आवाज कसा होता त्याचा?"

"थकलेला."

"जेवला होता का, विचारलंस?"

"नाही विचारलं."

"विचारायचं असतं गं," आई म्हणाली. "तेवढं तरी विचारायचं."